पावसाळ्यातील लिंबू, उन्हाळ्यातील सोडा-सरबत

कागदी लिंबू हे सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या हवेस मानवणारे फळझाड होय. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात विहिरीच्या बेताच्या पाण्यावर जी थोडी फळझाडे तग धरतात व वर्षातून एकाहून अधिक वेळा पैसा हाती देतात, त्यांत कागदी लिंबाची गणना करावी लागेल. तथापि ज्या शेतकरी कुटुंबाच्या बांधावर लिंबाची झाडे आहेत, त्याच कुटुंबातील मुले चैत्र-वैशाखात दुकानातील रंगीत, गोड बाटलीबंद पाण्यावर पैसे खर्च करतात, असे दृश्य आज गावोगावी आढळते. शहरातील उपाहारगृहांत लिंबाचा रस, साखर, पुदिना आणि सोडा एवढ्याच वस्तूंचे मिश्रण ‘मॉकटेल’ या नावाने मोठ्या किमतीस विकले जाते. त्यातील मुख्य जिन्नस आपल्या शेतातला आहे आणि उरलेली कृती घरच्या स्वयंपाकघरात साधण्याजोगी आहे. ती शास्त्रशुद्ध रीतीने कशी करावी, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

बहार आणि बाजार

कागदी लिंबास आपल्याकडे तीन बहार येतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार जून ते सप्टेंबर या काळात तोडणीस येतो. जून-जुलैत फुलणाऱ्या मृग बहाराची फळे नोव्हेंबर ते जानेवारीत मिळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणाऱ्या हस्त बहाराची फळे मात्र ऐन उन्हाळ्यात, म्हणजे मार्च ते मे महिन्यांत, हाती येतात. यांपैकी सर्वांत मोठा वाटा आंबे बहाराचा असून हस्त बहाराचा वाटा अगदी अल्प असतो. परिणामी ज्या काळात लोकांना लिंबू हवेसे वाटते त्या काळात ते दुर्मिळ असते, आणि ज्या काळात पावसाने हवा गार झालेली असते त्या काळात बाजारात त्याच्या राशी लागतात. एप्रिल २०२२ मध्ये देशातील अनेक शहरांत लिंबाचा किरकोळ भाव किलोस दोनशे रुपयांच्याही वर गेला होता. पावसाळ्यात हेच फळ इतके उतरते की तोडणीची मजुरी, गोण्या, गाडीभाडे व हमाली वजा जाता हाती काही उरेल की नाही, याची शंका वाटते आणि फळे झाडाखालीच कुजू दिली जातात.

हस्त बहार धरणे हा या अडचणीवरील एक उपाय आहे. परंतु तो सर्वांना साधत नाही. सप्टेंबरात पाऊस लांबला तर झाडास ताण बसत नाही, आणि बहार धरला तरी उन्हाळ्यात फळे पोसण्यास पाणी लागते. ज्यांना हे जमत नाही त्यांनी फळाऐवजी फळाचा रस उन्हाळ्यापर्यंत पोहोचवावा. साखर व अल्प प्रमाणातील परिरक्षक यांच्या साहाय्याने रस टिकवून त्याचा ‘स्क्वॅश’ करून ठेवला, तर उन्हाळ्यात गार सोड्यात तो मिसळताच उत्तम पेय तयार होते.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खैऱ्या रोगाचे खरबरीत डाग पडलेल्या फळांना बाजारात हलका भाव मिळतो. हे डाग बहुधा सालीपुरतेच असतात. साल तडकलेली नसेल व आतील गर निरोगी असेल, तर असे फळ स्वच्छ धुऊन रसासाठी वापरण्यास हरकत नाही. बाजाराने नाकारलेल्या फळाचे मोल घरात पुरेपूर वसूल करता येते, ते असे.

सोड्याचे बुडबुडे कशाचे?

सोडा-पाणी म्हणजे दाबाखाली कार्बन डायऑक्साइड वायू विरघळविलेले साधे पाणी होय. इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली याने हा वायू पाण्यात मिसळण्याची रीत १७७२ साली प्रसिद्ध केली. पुढे १८७२ साली हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने काचेच्या गोटीने आपोआप बंद होणाऱ्या बाटलीचे एकस्व घेतले. बाटलीतील वायूचा दाबच गोटीला गळ्यातील रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. गोटी आत ढकलली की ‘फस्स’ असा आवाज होऊन बाटली उघडते. यात्रेत आणि बाजाराच्या दिवशी आपल्याकडे जो ‘गोटी सोडा’ मिळतो, त्याचे मूळ हे आहे. महाराष्ट्रातही हा व्यवसाय जुना असून पुण्यातील अर्देशीर यांचा सोड्याचा कारखाना १८८४ पासूनचा आहे.

या वायूचा एक गुणधर्म नीट समजून घेतला, तर सोडा-सरबत कधी फसणार नाही. पाणी जितके थंड, तितका त्यात वायू अधिक विरघळतो. साध्या वातावरणीय दाबाखाली ० अंश सेल्सिअस तापमानाचे एक लिटर पाणी सुमारे १.७ लिटर वायू सामावून घेते; २० अंशांस हे प्रमाण सुमारे ०.९ लिटर होते, तर ४० अंशांस ते जेमतेम अर्ध्या लिटरवर येते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा वेळी सावलीत ठेवलेली सोड्याची बाटलीही उघडताच निम्मा वायू गमावून बसते, आणि पेल्यात उरते ते नुसते मचूळ पाणी. म्हणून सोडा, स्क्वॅश आणि पेला हे तिन्ही गार असणे हे चांगल्या पेयाचे पहिले लक्षण समजावे.

याच गुणधर्माची दुसरी बाजू धोक्याची आहे. बंद बाटली तापली की पाण्यात न मावणारा वायू वरच्या पोकळीत जमतो व दाब वाढतो. बर्फात ठेवलेल्या बाटलीतील दाबाच्या मानाने चाळीस अंशांस तापलेल्या त्याच बाटलीतील दाब सुमारे तिप्पट होतो. म्हणून काचेची सोड्याची बाटली उन्हात, चुलीजवळ किंवा बंद मोटारीत कधीही ठेवू नये.

फळांची निवड व रस काढणे

रसासाठी पूर्ण वाढलेली, हिरवट-पिवळी, पातळ व चकचकीत सालीची, हातास जड लागणारी फळे निवडावीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘साई सरबती’ व ‘फुले शरबती’ या जाती रसदार आहेत. परंतु गावठी कागदी लिंबूही या कामास उत्तम. कुजलेली, बुरशी आलेली वा तडकलेली फळे काढून टाकावीत, कारण एका नासक्या फळाने संपूर्ण रसास दुर्गंधी येते. झाडावर औषध फवारले असल्यास त्या औषधाचा ठरलेला प्रतीक्षाकाळ संपल्याखेरीज फळे तोडू नयेत.

फळे दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवावीत व फडक्याने कोरडी करावीत. प्रत्येक फळ पाटावर हाताने थोडे दाबून फिरवावे, म्हणजे रस मोकळा होतो. नंतर ते आडवे कापून लिंबू-पिळणीने पिळावे. पिळताना साल व बिया चिरडतील इतका जोर देऊ नये. सालीतील तेल व बियांतील कडू द्रव्ये रसात उतरली, तर आज गोड लागणारे सरबत महिन्याभरात कडवट होते. रस पोलादी, काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यातच घ्यावा. तांबे, पितळ व ॲल्युमिनियम यांवर लिंबातील आम्लाची क्रिया होऊन रस बिघडतो व आरोग्यासही अपाय होतो. रस स्वच्छ मलमलीच्या कापडातून वस्त्रगाळ करावा.

साधारणपणे अडीच किलो म्हणजे ५५ ते ६५ फळांपासून एक लिटर रस मिळतो. पिळलेल्या फोडी फेकून न देता त्यांत मीठ घालून लोणचे करावे.

स्क्वॅशचे प्रमाण व कृती

घरगुती स्क्वॅशसाठी पुढील प्रमाण सोपे व खात्रीचे आहे :

गाळलेला लिंबाचा रस — १ लिटर
साखर — २ किलो
पाणी — १ लिटर
पोटॅशियम मेटाबायसल्फाइट — २ ग्रॅम

प्रथम साखर व पाणी एकत्र करून मंद आचेवर ठेवावे. साखर पूर्ण विरघळून एक उकळी आली की भांडे खाली उतरवावे. पाक आटवू नये. चमचाभर लिंबाचा रस उकळताना घातला असता साखरेतील मळी वर येते, ती काढून टाकावी. पाक कापडातून गाळून पूर्णपणे थंड होऊ द्यावा. थंड पाकातच लिंबाचा रस मिसळावा. गरम पाकात रस ओतला तर त्याचा ताजा सुवास उडून जातो आणि चवीस शिजलेला वास येतो. ही एक चूक टाळली, तरी निम्मे काम साधले असे समजावे.

या प्रमाणात तयार मालात वजनाने सुमारे २५ टक्के रस व ५० टक्के विद्राव्य घन पदार्थ येतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के फळरस व किमान ४० टक्के विद्राव्य घन पदार्थ असावे लागतात. त्यामुळे हे प्रमाण त्या कसोटीस उतरते. रस मापताना मात्र कसूर करू नये, कारण रस थोडाही कमी पडला तर माल नियमात बसणार नाही.

परिरक्षक : किती व कसे?

पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे द्रव्य रसात मिसळताच त्यापासून सल्फर डायऑक्साइड वायू निर्माण होतो. हा वायू बुरशी व किण्वन करणारे जीवाणू यांना अटकाव करतो आणि रस काळवंडू देत नाही. नियमानुसार स्क्वॅशमध्ये या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत ३५० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. वर दिलेल्या सुमारे चार किलो मालास २ ग्रॅम परिरक्षक घातले असता ही मर्यादा ओलांडली जात नाही. दोन ग्रॅम म्हणजे चिमूटभर नव्हे आणि चमचाभरही नव्हे; ते अंदाजाने घालू नये. गावातील सोनाराच्या किंवा औषधविक्रेत्याच्या काट्यावर मोजून त्याच्या पुड्या करून ठेवाव्यात. द्रव्य खाद्यप्रतीचेच घ्यावे.

ही पूड उकळून थंड केलेल्या दोन चमचे पाण्यात विरघळवून सर्वांत शेवटी स्क्वॅशमध्ये घालावी व ढवळावे. या वेळी निघणारा उग्र वास नाकात जाऊ देऊ नये. ज्यांना दम्याचा विकार आहे त्यांना या द्रव्याने त्रास होण्याचा संभव असतो. त्यांच्यासाठी परिरक्षक न घालता थोडाच स्क्वॅश करून शीतपेटीत ठेवावा व दोन-तीन आठवड्यांत संपवावा.

बाटल्या काचेच्या असाव्यात. त्या धुऊन, मोठ्या भांड्यात तळाशी कापड घालून, गार पाण्यात बुडवून मग तापवाव्यात व वीस मिनिटे उकळाव्यात. पालथ्या घालून पूर्ण वाळल्यावर त्यांत स्क्वॅश भरावा. वर दोन बोटे जागा मोकळी ठेवून घट्ट बूच लावावे व बुचावर वितळलेल्या मेणाचा थर द्यावा. प्रत्येक बाटलीवर तयार केल्याची तारीख चिकटवावी. वरील प्रमाणात सुमारे सव्वातीन लिटर स्क्वॅश, म्हणजे पाऊण लिटरच्या चार बाटल्या भरून थोडा अधिक, तयार होतो.

बाटल्या अंधाऱ्या व घरातील सर्वांत गार जागी ठेवाव्यात. आपल्या भागातील उष्म्यात फार काळ ठेवलेल्या स्क्वॅशचा रंग मंद होतो व सुवास कमी होतो. म्हणून ऑगस्टमधील फळांचा स्क्वॅश दिवाळी ते संक्रांत या काळात वापरावा, आणि उन्हाळ्यासाठी डिसेंबरात मृग बहाराच्या फळांचा नवा स्क्वॅश करावा, असे दोन टप्पे पाडणे इष्ट. मृग बहार नसल्यास ऑगस्टमधील निवडक बाटल्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवाव्यात. बाटलीत आपोआप बुडबुडे येऊ लागले, बूच फुगून वर आले किंवा दारूसारखा वास आला, तर तो माल नासला आहे असे समजून फेकून द्यावा. तो पुन्हा उकळून वापरण्याचा मोह धरू नये.

सोडा मिसळण्याची रीत

गार पेल्यात प्रथम ४० मिलिलिटर स्क्वॅश घ्यावा. त्यावर १६० मिलिलिटर गार सोडा पेल्याच्या कडेवरून सावकाश सोडावा. उंचावरून धार धरल्यास वायू उडून जातो. लांब चमच्याने तळापासून एकदाच हलके वर उचलल्यासारखे ढवळावे व लगेच प्यावयास द्यावे.

येथे एक बारीक गोष्ट सांगणे अवश्य आहे. पुष्कळ लोक सोडा ओतल्यानंतर वरून मीठ, पादेलोण किंवा जिरेपूड टाकतात. तसे करताच पेला उफाळून वर येतो व निम्मे पेय बाहेर सांडते. मिठाच्या प्रत्येक कणाभोवती वायूचे बुडबुडे जमून एकदम सुटतात, हे त्याचे कारण होय. म्हणून मीठ वा मसाला आधी स्क्वॅशमध्ये नीट विरघळवावा व मगच सोडा ओतावा. बिया व गराचे तुकडे राहिले तरी हाच परिणाम होतो. रस वस्त्रगाळ करण्याचे हेही एक कारण आहे.

वरील प्रमाणाने एका खेपेत सुमारे ८० पेले सरबत होते. म्हणजे पेल्यामागे पाऊण लिंबू आणि २५ ग्रॅम साखर एवढा खर्च पडतो. त्यात सोड्याची किंमत मिळवावी. प्रत्येकाने आपल्या गावातील लिंबू, साखर व सोडा यांच्या भावांनी हा हिशेब करून तो दुकानातील बाटलीच्या किमतीशी ताडून पाहावा.

खाण्याचा सोडा घालावा काय?

सोड्याची बाटली हाताशी नसली की लिंबाच्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकून फेस आणण्याची पद्धत घरोघर दिसते. ही पद्धत अपायकारक नसली तरी तोट्याची आहे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. लिंबातील आम्लाशी त्याचा संयोग झाला की वायू निघतो. परंतु त्याच क्रियेत आम्लही खर्च होते. हिशेब केला तर एक ग्रॅम खाण्याचा सोडा सुमारे १२ मिलिलिटर रसातील, म्हणजे एका पेल्यात येणाऱ्या साऱ्या रसातील आंबटपणा नाहीसा करतो. शिवाय दाब नसल्याने निघालेला बहुतेक वायू क्षणात हवेत जातो, आणि पेल्यात खारट, साबणासारखी चव मागे राहते. घालावयाचाच असेल तर पाव ग्रॅमहून अधिक घालू नये व लगेच प्यावे. रक्तदाबाच्या रोग्यांनी तो टाळावा, कारण त्यातील सोडियम मिठाप्रमाणेच बाधते. धुण्याचा सोडा हा पूर्णपणे वेगळा व घातक पदार्थ आहे. दोन्ही पुड्या एकाच फळीवर ठेवण्याची सवय ज्या घरांत असेल, तेथे ती आजच मोडावी.

घरी वायू भरताना

हल्ली घरी सोडा तयार करण्याची लहान यंत्रे मिळतात. त्यांत खाद्यप्रतीच्या वायूची नळकांडीच वापरावी, आणि यंत्रासोबत आलेल्या बाटलीखेरीज दुसरी बाटली लावू नये. यंत्रात केवळ गार पाणी भरावे. स्क्वॅश घातलेले पाणी भरल्यास ते उफाळून झडप चिकटते. सोडा झाल्यावरच त्यात स्क्वॅश मिसळावा. साखरपाण्यात यीस्ट घालून बंद बाटलीत फेस आणण्याचे प्रयोग मात्र करू नयेत. किण्वन कोठे थांबवावे हे घरी कळत नाही, पेयात मद्यार्क उतरतो आणि आपल्या हवेत बाटली फुटून इजा होण्याचा धोका असतो.

चवीतील विविधता

मूळ स्क्वॅश एकदा तयार असला की निरनिराळे प्रकार करणे अवघड नाही. एक खेप स्क्वॅशमध्ये ५० मिलिलिटर आल्याचा गाळलेला रस, लिंबाच्या रसाबरोबरच मिसळला असता आले-लिंबाचे रुचकर पेय होते. पुदिन्याची पाने वाटू नयेत. तळहातावर हलकी चेपून पेल्यात टाकावीत, म्हणजे सुवास येतो व पेय हिरवट-कडू होत नाही.

पाहुण्यांसाठी मोसंबीचा ताजा रस ६० मिलिलिटर, लिंबाचा स्क्वॅश २० मिलिलिटर आणि गार सोडा १२० मिलिलिटर असे मिश्रण करावे. मोसंबीचा रस मात्र साठवू नये. काढून ठेवल्यावर व तापविल्यावर त्यास कडवटपणा येतो. रंगासाठी बाजारी रंग वापरण्याचे कारण नाही. सोलापूरच्या डाळिंबास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याच डाळिंबाचा दोन चमचे रस पेल्याच्या तळाशी घालून वर लिंबू-सोडा सावकाश सोडला, तर जो नैसर्गिक तांबूस रंग येतो त्याची सर कृत्रिम रंगास नाही.

पाणी, बर्फ व प्रकृती

फळ कितीही चांगले असले तरी पाणी दूषित असेल तर सर्व श्रम व्यर्थ होत. स्क्वॅशसाठी पिण्याचे शुद्ध पाणीच वापरावे. बर्फ घरी, उकळून गार केलेल्या पाण्याचा करावा. मासे वा इतर माल थंड ठेवण्यासाठी केलेला बर्फ पेयात घालणे म्हणजे कावीळ व हगवण यांना निमंत्रण देणे होय. असा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यास निळा रंग देण्याचे बंधन महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली घातले आहे. निळसर बर्फ दिसल्यास तो घेऊ नये.

सोडा-सरबत हे आनंदाचे पेय आहे, औषध नव्हे. एका पेल्यातील २५ ग्रॅम साखर ही थोडी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रौढ माणसास दिवसभरात वरून घातलेली साखर सुमारे ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला आहे. म्हणून मुलांना हे पेय रोज व वारंवार देऊ नये, आणि मधुमेहींनी ते टाळावे. त्यांना ताज्या लिंबाचा रस, किंचित मीठ व सोडा एवढेच पुरे. उन्हात काम करणाऱ्या मजुरांची तहान साध्या पाण्याने व लिंबू-मीठ-पाण्याने भागवावी. जुलाब झालेल्या मुलास सोडा-सरबत न देता जलसंजीवनी द्यावी. ती घरी करावयाची तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. उन्हाचा झटका येऊन शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात कोणतेही पेय घालू नये. त्यास सावलीत नेऊन, अंग ओले करून वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विक्रीचा विचार

घरी जमलेली कृती गावातील महिला बचत गटास उद्योगाचा पाया होऊ शकते. आंबे बहाराचा हंगाम व पंढरपूरची आषाढी यात्रा एकाच सुमारास येतात, ही आपल्या जिल्ह्यास लाभलेली मोठी सोय आहे. तथापि विक्री करावयाची झाल्यास घरगुती सैलपणा चालणार नाही. एके काळी १९५५ च्या फळ उत्पादन आदेशान्वये परवाना घ्यावा लागे. तो आदेश आता रद्द झाला असून २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे. बाटलीवर घटक, परिरक्षकाचे नाव, वजन, तयार केल्याची तारीख व नोंदणी क्रमांक छापावा लागतो. प्रथम वीस-पंचवीस बाटल्या आपल्याच गावात विकून लोकांचे मत घ्यावे. माल सहा महिने टिकतो याची खात्री पटल्यावरच भांडवल वाढवावे. यंत्र आधी व माल मागाहून, असा उलटा क्रम धरणारे गट सहसा अडचणीत येतात.

प्रात्यक्षिक कसे घ्यावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ भाषणाने न सांगता प्रात्यक्षिकाने दाखवावा. त्यासाठी जुलै-ऑगस्टमधील, लिंबू स्वस्त असतानाचा दिवस निवडावा. पुढील तीन लहान प्रयोग प्रभावी ठरतात.

१. सोड्याच्या दोन सारख्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्याव्यात. एक दोन तास बर्फात व दुसरी खोलीत ठेवावी. दोन्ही एकाच वेळी उघडून पेल्यांत ओताव्यात. गार सोड्याचे बुडबुडे किती वेळ टिकतात, ते लोकांनी स्वतः पाहावे.

२. लिंबू-पाण्याचे दोन पेले करून एकात पाव चमचा खाण्याचा सोडा घालावा. फेस बसल्यावर दोन्हींची चव जमलेल्या मंडळींस घेऊ द्यावी. आंबटपणा कोठे गेला, हे मग समजावून सांगावे लागत नाही.

३. एका स्क्वॅशची एक बाटली परिरक्षक घालून व दुसरी न घालता भरावी. ही दुसरी बाटली पिण्यासाठी नाही अशी चिठ्ठी लावून तिचे झाकण सैल ठेवावे आणि दोन्ही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवाव्यात. महिन्याभराने त्याच मंडळींसमोर तुलना करावी.

प्रात्यक्षिकास पुरुषांबरोबर स्त्रियांना आवर्जून बोलवावे, कारण ही कृती बहुधा त्यांच्याच हातून होणार असते. वजनकाटा, मापे व परिरक्षकाच्या मोजलेल्या पुड्या सोबत न्याव्यात. प्रत्येक घराने पहिल्या वर्षी एकच खेप करावी व बाटलीवरील तारखेसह एका वहीत नोंद ठेवावी : फळे किती लागली, रस किती निघाला, कोणती बाटली कधी उघडली व चव कशी होती. दुसऱ्या वर्षी प्रमाणात काय फेरफार करावा, हे ती वहीच सांगेल.

एका झाडाची फळे वाचल्याने शेतकरी धनवान होतो असे नव्हे. परंतु साठ लिंबे, दोन किलो साखर आणि अर्ध्या दिवसाचे श्रम यांतून ऐंशी पेले पेय घरात येते, आणि कुजून मातीमोल होणारे फळ वैशाखात पाहुण्यापुढे ठेवता येते, हा लाभ लहान नाही. येत्या आंबे बहाराची तोडणी सुरू होण्यापूर्वी बाटल्या, मेण व मोजलेल्या पुड्या यांची तयारी करून ठेवावी, एवढीच सूचना.